पेचकसाची पारख

घरातील विळी, अडकित्ता किंवा कात्री आपण जितक्या सहजपणे हाती घेतो, तितक्याच सहजपणे पेचकसही घेतो. स्क्रू दिसला की हाताला लागेल तो पेचकस त्यावर टेकवावयाचा, फिरवावयाचा आणि फिरेनासा झाला की अधिक जोर लावावयाचा, ही आपली सर्वसाधारण रीत आहे. दाराची बिजागरी किंवा बाकाचा पाय यांच्या बाबतीत ही रीत कशीबशी निभावते. परंतु आज ज्या यंत्रांवर पुष्कळांचा अभ्यास व कित्येकांची उपजीविका अवलंबून आहे, त्या लॅपटॉप, मोबाइल फोन, कॅमेरा इत्यादींचे स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढे असतात. तेथे ही रीत यंत्राच्या जिवावर बेतते. यास्तव अशा नाजूक कामाचा पेचकस कसा पारखावा, याविषयी चार गोष्टी या लेखात सांगावयाच्या आहेत.

मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. यंत्रविद्येशी माझा संबंध यावा असे काही कारण नव्हते. तो एका चुकीमुळे आला. आमच्या शाळेस एका माजी विद्यार्थ्याने आपले वापरलेले दोन लॅपटॉप भेट दिले होते. ज्यांच्या घरी संगणक नाही अशी मुले शाळा सुटल्यावर त्यांवर सराव करीत. त्यांतील एक लॅपटॉप तापून मध्येच बंद पडू लागला. आतील पंख्यात धूळ साचली असावी हे उघड होते. एका शनिवारी नववीच्या चार मुलांना बरोबर घेऊन तो उघडण्याचे मी ठरविले. आठवड्याच्या बाजारातून बत्तीस टोकांची एक चकचकीत पेटी दीडशे रुपयांत आणली होती. तळाचे दहा स्क्रू होते. नऊ निघाले. बिजागरीजवळचा दहावा निघेना. मी जोर लावला; टोक निसटले. आणखी जोर लावला, पुन्हा निसटले. पाच मिनिटांनी भिंगातून पाहतो तो स्क्रूच्या डोक्यावरील फुलीची खाच जाऊन तेथे वाटीसारखा गुळगुळीत खड्डा झालेला!

तो लॅपटॉप दीड महिना कपाटात पडून राहिला, आणि तोही परीक्षेच्या तोंडावर. मुलांनी एका यंत्रावर पाळ्या लावून घेतल्या. कोणी तक्रार केली नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले. शेवटी तालुक्याच्या गावी घड्याळे व मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे तो नेला. त्यांनी बारीक ड्रिलने स्क्रूचे डोके कोरून काढले, पंखा स्वच्छ केला आणि मग माझा पेचकस मागून घेऊन तो आपल्या पेचकसाशेजारी भिंगाखाली धरला. त्यांच्या पेचकसाच्या कडा धारदार व सरळ होत्या; माझ्या पेचकसाच्या कडा वितळलेल्या मेणासारख्या गोलावल्या होत्या. ‘मास्तर, हांगा बळ चलना,’ एवढेच ते म्हणाले. येथे बळ चालत नाही. ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ ही म्हण मी वर्गात कितीदा तरी शिकविली होती. तिचा अर्थ मला त्या दिवशी त्या दुकानात कळला.

बळ का चालत नाही हे समजण्यासाठी प्रथम स्क्रूच्या डोक्याकडे पाहिले पाहिजे. जुन्या काळी त्यावर एकच सरळ खाच असे. अशा खाचेत पेचकस बाजूला घसरतो. मोटारीच्या कारखान्यांत यंत्राने भराभर स्क्रू बसविण्याची गरज निर्माण झाली, तेव्हा हा दोष जाणवू लागला. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या पोर्टलंड शहरातील हेन्री फिलिप्स याने जॉन थॉम्पसन याच्या मूळ कल्पनेचे हक्क घेऊन फुलीच्या आकाराची खाच सुधारली व १९३६ साली तिची पेटंटे मिळविली. पेचकसाचे टोक आपोआप मध्यभागी बसावे, ही या फुलीची खुबी. फुलीच्या स्क्रूस आजही ‘फिलिप्स’ म्हणतात ते याच गृहस्थाच्या नावावरून.

परंतु या फुलीच्या भिंती उभ्या नसून उतरत्या असतात. त्यामुळे फिरविण्याचा जोर वाढला की त्यातील काही भाग टोकाला वर ढकलतो आणि पेचकस खाचेतून वर सरकतो. वर सरकलेले टोक खाचेच्या केवळ काठावर टेकते. सगळा भार त्या इवल्याशा काठावर येतो आणि काठ झिजतो. म्हणजे आपण जितका अधिक पीळ द्यावा तितकी खाच अधिक लवकर नासते. टोक मुळातच ढिले असेल किंवा त्याच्या कडा गोल असतील, तर हे पहिल्याच फेऱ्यात घडते. माझ्या हातून झाले ते नेमके हेच.

फुली दिसली की ती फिलिप्सचीच असेल असेही नाही. जपानी प्रमाणानुसार केलेली फुली, जिला ‘जेआयएस’ म्हणतात, दिसावयास तशीच असली तरी तिचे कोपरे अधिक काटेकोर असतात. फिलिप्सचा पेचकस त्या खाचेच्या तळापर्यंत पोहोचत नाही. तो वर अधांतरी राहतो व घसरतो. उलट जपानी प्रमाणाचा पेचकस फिलिप्सच्या स्क्रूत बहुधा ठीक बसतो. जपानी कॅमेरे व मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्यांस हा भेद चांगला ठाऊक असतो. कित्येक लॅपटॉपांतील बारीक स्क्रूही या जपानी आकाराच्या जवळचे असतात. म्हणून एकच पेचकस विकत घेणे परवडत असेल, तर जपानी प्रमाणाचा घेण्यात शहाणपणा आहे.

याखेरीज दोन फुलांची ओळख करून घेतली पाहिजे. सहा पाकळ्यांच्या ताऱ्यासारख्या खाचेस ‘टॉर्क्स’ म्हणतात. अमेरिकेतील कॅमकार टेक्स्ट्रॉन या कंपनीने ही खाच १९६७ साली प्रचारात आणली. हिच्या भिंती जवळजवळ उभ्या असल्यामुळे टोक वर ढकलले जात नाही, म्हणून कारागीर या स्क्रूवर खूश असतात. काही ठिकाणी या ताऱ्याच्या मध्यभागी एक बारीक खुंटी असते. त्यासाठी टोकाला भोक असलेला पेचकस लागतो. दुसरे फूल पाच पाकळ्यांचे. त्यास ‘पेंटालोब’ म्हणतात. ॲपल कंपनीने २००९ सालापासून ते आपल्या लॅपटॉपांत व पुढे आयफोनवर वापरले. त्या वेळी त्याचा पेचकस सहजासहजी मिळत नसे, आता मिळतो. येथे नवशिक्यांची चूक ठरलेली. पाच पाकळ्यांत सहा पाकळ्यांचे टोक कोंबले जाते आणि पाकळ्या मोडतात. म्हणून पेचकस लावण्यापूर्वी भिंग घेऊन पाकळ्या मोजाव्या. या मोजण्यास अर्धे मिनिट लागते.

आता मापे. फुलीच्या पेचकसाची मापे ‘पीएच्’ या अक्षरांनी व अंकांनी दाखवितात. घरगुती मोठ्या स्क्रूंना पीएच् २, त्याहून लहानांना पीएच् १ आणि मग क्रमाने पीएच् ०, पीएच् ०० व पीएच् ०००. शून्ये वाढत जातात तसे टोक बारीक होत जाते. लॅपटॉपाच्या तळाचे स्क्रू बहुधा २ ते २.५ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचे असतात व त्यांस पीएच् ० किंवा पीएच् ०० लागतो. मोबाइलसाठी पीएच् ००० लागतो. ताऱ्याची मापे ‘टी’ या अक्षराने सांगतात. लॅपटॉप व हार्ड डिस्क यांत टी ५, टी ६ व टी ८ ही विशेष भेटतात. पाच पाकळ्यांत मॅकबुकच्या तळासाठी पी ५ आणि आयफोनसाठी पी २ लागतो.

दोन मापांत संशय पडला तर नियम असा: खाचेच्या तळापर्यंत जाणाऱ्या टोकांपैकी जे सर्वांत मोठे असेल ते घ्यावे. पेचकस स्क्रूवर सरळ उभा धरून किंचित डावीउजवीकडे हलवून पाहावा. योग्य माप असेल तर तो डुलत नाही. किल्ली कुलपात बसावी तसा बसल्याचे बोटांना कळते. डुलला तर माप चुकले किंवा प्रमाण चुकले असे समजावे आणि दुसरे टोक घ्यावे.

मापाइतकेच महत्त्व पोलादाला आहे. लोहार कोयत्याला पाणी देतो ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. लाल तापलेले पाते पाण्यात बुडविले की ते कठीण होते. पण केवळ कठीण केलेले पाते काचेसारखे तडकते, म्हणून जाणता लोहार ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितो. पेचकसाच्या टोकाचेही तसेच आहे. पोलाद मऊ असेल तर कडा गोलावतात. फार कठीण असेल तर टोक तुटून स्क्रूतच अडकते. बाजारात ‘क्रोम-व्हॅनेडियम’ आणि ‘एस् २’ ही दोन नावे वारंवार दिसतात. पहिले सर्वसाधारण हत्यारांचे चांगले पोलाद आहे. दुसरे सिलिकॉन असलेले व आघात सोसणारे हत्यारी पोलाद असून बारीक टोकांसाठी ते अधिक पसंत केले जाते. चांगल्या टोकांची कठीणता रॉकवेल मापाने सुमारे ५८ ते ६० असते. या मापात हिऱ्याचा शंकू ठराविक भाराने धातूवर दाबून तो किती खोल रुततो हे पाहतात. तथापि पेटीवर ‘एस् २’ असे छापणे सोपे आहे. छापील अक्षरांवर विसंबण्यापेक्षा टोक पाहावे हे बरे.

ते पाहावे कसे? दुकानात जाताना खिशात एक भिंग व ओळखीच्या मापाचे एकदोन जुने स्क्रू न्यावे. भिंगाखाली टोकाच्या चारही पाकळ्या सारख्या आहेत का, कडा स्पष्ट आहेत का, हे पाहावे. टोकावर चकाकणाऱ्या मुलाम्याचा जाड थर असेल तर तो कडा भरून टाकतो. म्हणून चांगल्या पेचकसांची दांडी चकचकीत असली तरी टोक पुष्कळदा काळसर ठेवलेले असते. दांडी सरळ आहे की नाही हे काचेच्या कपाटावर गडगडवून कळते. वाकडी दांडी गडगडताना उड्या मारते. नंतर आपला स्क्रू लावून डुलण्याची परीक्षा करावी. दुकानदार हसला तर हसू द्यावे. भाजीवालीकडे भेंडीचे टोक मोडून पाहताना आपण लाजत नाही. येथे का लाजावे?

मूठही पाहावी. नाजूक पेचकसाच्या मुठीच्या माथ्यावर मोकळी फिरणारी टोपी असते. तिच्यावर तर्जनी टेकवून दाब द्यावयाचा आणि अंगठा व मधले बोट यांनी दांडी फिरवावयाची, ही घड्याळजींची जुनी पद्धत. टोपी अडखळत फिरत असेल तर दाब एकसारखा राहत नाही. मूठ फार बारीक असेल तर घट्ट स्क्रूवर पकड मिळत नाही, आणि फार जाड असेल तर नकळत जास्त पीळ बसतो. टोक किंचित चुंबकीय असणे सोयीचे असते, कारण निघालेला स्क्रू आत पडत नाही. घड्याळाच्या कामात मात्र चुंबक वर्ज्य. यांत्रिक घड्याळाची केशकमान चुंबकाने भारली तर वेळ चुकू लागते.

पेटी घ्यावी की सुटे पेचकस? माझे मत अनुभवाअंती सुट्यांकडे झुकते. साठ टोकांच्या पेटीतील पन्नास टोके जन्मभर वापरली जात नाहीत, आणि जी पाच-सहा वापरावयाची तीच जर मऊ निघाली तर साठांचा उपयोग काय? पीएच् ०, पीएच् ०० आणि टी ५ असे तीन चांगले पेचकस घेतले तर घरच्या लॅपटॉपाचे बहुतेक काम भागते. यंत्र ज्या घडणीचे असेल त्याप्रमाणे एखादे माप पुढे वाढवावे. बदलत्या टोकांची पेटी घ्यावयाची असेल तर टोकांची षट्कोनी बैठक ४ मिलिमीटरची, म्हणजे नाजूक कामासाठी ठरलेल्या मापाची, असावी. मग एखादे टोक झिजल्यास तेवढेच बदलता येते. नाशिकच्या टपारियापासून जपानच्या व्हेसल व जर्मनीच्या विहा, वेरा यांच्यापर्यंत अनेक नामांकित कारखाने आहेत. पण नावापेक्षा हाती आलेला नग पाहूनच घ्यावा, कारण मोठ्या नावाच्या नकलाही असतात.

हत्यार उत्तम मिळाले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. यंत्र पूर्ण बंद करावे, चार्जरची तार काढावी. रबरी पायांखाली व चिकटपट्ट्यांखाली स्क्रू दडलेले असतात. झाकण निघत नाही म्हणून ते उचकटण्यापूर्वी तेथे शोधावे. पेचकस स्क्रूशी काटकोनात धरावा आणि दाब अधिक, पीळ कमी असे प्रमाण ठेवावे. झाकण निघताच प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. कागदावर यंत्राच्या तळाचे चित्र काढून निघालेला प्रत्येक स्क्रू आपल्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावा. सर्व स्क्रू सारखे दिसले तरी त्यांची लांबी वेगळी असते. लांब स्क्रू उथळ भोकात फिरविला तर तो पलीकडच्या पाटीत किंवा पडद्यात घुसतो, आणि मग दुरुस्तीचे दुखणे होऊन बसते. परत बसविताना स्क्रू आधी उलट दिशेने हळूच फिरवावा. आटे एकमेकांत बसल्याची ‘टक्’ अशी जाणीव होते, तेव्हा सुलट फिरवावा. टेकला की थांबावे. प्लॅस्टिकमध्ये बसविलेल्या पितळी नळीत तो फिरत असतो. अधिक आवळल्यास नळीच उपटून येते.

स्क्रू अडलाच तर थांबावे. काही स्क्रूंच्या आट्यांवर निळा डिंक लावलेला असतो. थोडी ऊब दिली, दाब वाढविला व अचूक माप घेतले म्हणजे तो बहुधा सुटतो. खाच थोडी झिजली असेल तर पातळ रबराचा तुकडा मध्ये ठेवून पाहावा. तरीही न निघाल्यास जाणकाराकडे जावे. मी तिसऱ्या प्रयत्नानंतर थांबलो असतो तर मुलांचा दीड महिना वाचला असता.

विद्यार्थ्यांना एक इशारा स्पष्ट शब्दांत द्यावयास हवा. हे पेचकस विजेपासून रक्षण करणारे नाहीत. मुठीवर ‘ईएस्डी’ असे लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ अंगातील स्थिर विजेने यंत्राचे भाग बिघडू नयेत एवढाच आहे. घरातील विजेचा धक्का त्याने टळत नाही. चार्जर, इन्व्हर्टर, जुना दूरदर्शन संच यांची झाकणे मुलांनी कधीही उघडू नयेत, कारण त्यांत तार काढल्यावरही वीज साठून राहू शकते. फुगलेली बॅटरी पेचकसाने उचकटणे म्हणजे आगीला आमंत्रण. घरचे यंत्र वडीलधाऱ्यांच्या संमतीने व त्यांच्या देखत उघडावे.

आपल्या समुद्रकाठच्या प्रदेशात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे गंज. पावसाळ्यातील दमट व खारी हवा उघड्या पोलादावर लगेच तांबूस पुटे चढविते, आणि गंजलेल्या कडा गोल होतात. काम झाले की हाताचा घाम पेचकसावरून पुसावा, मशिनच्या तेलाचे बोट फिरवावे व घट्ट झाकणाच्या डब्यात तो ठेवावा. नव्या बूट-चपलांच्या खोक्यांतून ओलावा शोषणाऱ्या ज्या लहान पुड्या निघतात, त्या फेकून न देता या डब्यात टाकाव्या.

२०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी एक संकेतस्थळही सुरू केले. वस्तू बिघडली की टाकून नवी घ्यावी, या चालीस आळा बसावा हा त्यामागील हेतू. परंतु हक्क कागदावर मिळाला तरी शेवटी कोणीतरी तो स्क्रू, त्याची खाच न नासता, काढला पाहिजे. ते काम करणारे हात आपल्याच शाळांतून तयार व्हावयाचे आहेत.

आमच्या शाळेतील तो लॅपटॉप अजून चालू आहे. त्याच्या तळाला आता नऊच स्क्रू आहेत; दहाव्याची जागा मी मुद्दाम रिकामी ठेविली आहे. गेल्या खंडेनवमीस मुलांनी शाळेतील कुदळी, कोयते व सुताराची हत्यारे धुऊन पुसून मांडली, तेव्हा नववीतील एका मुलीने आमचे तीन नवे पेचकस आणून त्यांच्या शेजारी ठेवले. त्यांवर फूल वाहण्यापूर्वी तिने एकेकाचे टोक भिंगाखाली धरून पाहिले. नंतर ते पुसून, तेल लावून तिने परत डब्यात ठेवले.